सेकंदाला पाच ठोके

फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. चुलतभाऊ म्हणाला, “दादा, विहिरीवरचं इंजान काढतोय. भंगारवाला छोटा हत्ती घेऊन आलाय. तुला पितळेचं काय ठेवून घ्यायचं असंल तर लगेच ये.” पेपर तसेच टाकले आणि गाडीला किक मारली. कराडपासून आमचं गाव सतरा किलोमीटर.

पोचलो तर दोन पोरं घण घेऊन फ्लायव्हीलपाशी, म्हणजे इंजिनाच्या जड चाकापाशी, उभी. इंजिन अख्खं उचलेना, म्हणून आधी फ्लायव्हील फोडायचं ठरलं होतं. बीड ते, म्हणजे ओतीव लोखंड, घाव वर्मी बसला तर खापरीसारखं फुटतं. मी मधे जाऊन उभा राहिलो. भंगारवाल्याने बोललेली रक्कम तिथल्या तिथे भावाच्या हातात ठेवली, गाडीचं भाडं वेगळं दिलं, शेजारून चेन ब्लॉक मागवला, आणि संध्याकाळपर्यंत इंजिन आमच्या जुन्या घराच्या परड्यात येऊन पडलं. भावाचं काही चुकलं नव्हतं. त्याला त्या खोपीत कुट्टी मशीन बसवायचं होतं, आणि चाळीस वर्षं बंद असलेल्या लोखंडावर तो नुसतं पाचट रचत होता.

मला मात्र त्या इंजिनाचा आवाज पाठ होता. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते १९५६ साली घेतलं. त्याआधी विहिरीवर मोट होती. दोन बैल, चामड्याची मोट, नाडा-सोंदूर, आणि दिवसभर धावेवर मागेपुढे चालणारा माणूस. इंजिन आलं आणि बैल नांगराला मोकळे झाले. पुढे वीज आली, मोटार बसली, तरी गुऱ्हाळाचा चरक १९८४ पर्यंत याच इंजिनावर फिरत होता. मग सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ मोडलं, चरक विकला गेला आणि इंजिन तिथेच राहिलं.

आई सांगते, ती घरात भाकरी थापताना इंजिनाच्या आवाजावरून मळ्यातलं सगळं ओळखायची. पाणी व्यवस्थित चढत असलं की ठोका जड पडतो. आवाज एकदम हलका झाला म्हणजे विहिरीतल्या नळीच्या बुडाशी असलेल्या झडपेने, फूट व्हॉल्व्हने, हवा घेतली, पंप कोरडा फिरतोय. मग ती मला पळवायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. धापा टाकत पोचायचो तोवर आबांनी इंजिन बंद केलेलंही असायचं.

परड्यात आणल्यावर पहिल्या रविवारी फक्त धुतलं. डिझेल, तारेचा ब्रश, सुती चिंध्या. ग्रीस आणि मातीचा थर बोटभर जाड होता. त्याखालून पितळेची पाटी निघाली: लिस्टर, डर्स्ली, इंग्लंड; ५ हॉर्स पॉवर; मिनिटाला ६०० फेरे. डर्स्ली हे इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधलं छोटं गाव, तिथे लिस्टरांचा कारखाना १८६७ पासून होता. हे उभ्या सिलिंडरचं, दोन मोठ्या फ्लायव्हीलचं इंजिन त्यांनी १९३०च्या सुमाराला बाजारात आणलं. त्याआधीच्या कितीतरी तेल इंजिनांचं डोकं दिव्याच्या ज्योतीने आधी लाल तापवावं लागायचं, तेव्हा कुठे ती पेट घ्यायची. याला तापवणं नाही; थंडीतही हँडल मारलं की चालू. म्हणून तर ते जगभरच्या मळ्यांत पोचलं. आणि आपल्याकडे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच नमुन्यावर इतकी इंजिनं बनवली की पिस्टन, रिंगा, गॅस्केटं आजही नवी मिळतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या यंत्राचे सुटे भाग दुकानात जाऊन मागता येतात, याचं मला फार मोल वाटतं.

पण भाग मिळाले म्हणजे इंजिन चालतं असं नाही. त्यासाठी तात्या हवे होते.

तात्या आमच्या शेजारच्या गावचे, वय ब्याऐंशी. एके काळी पंचक्रोशीतली सगळी इंजिनं त्यांच्या हातची. हल्ली कानाला थोडं कमी येतं, पण इंजिनाचं बोलणं आलं की मान वळते. मी त्यांना गाडीवरून आणलं. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, फ्लायव्हीलला हात लावून पाहिला, आणि म्हणाले, “आबाचं हाय न्हवं? जाम झालंय. मास्तर, तुला घाई हाय का?”

मी म्हटलं, “नाही तात्या.”

“मग हुतंय.”

पिस्टन सिलिंडरमध्ये गच्च धरला होता. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढलं, वरून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतलं आणि वर पोतं टाकून ठेवलं. दर दोन दिवसांनी मी गावी जाऊन पातळी बघायचो. पहिल्या आठवड्यात तेल जिथल्या तिथे. दुसऱ्या आठवड्यात पाव इंच उतरलं. ते रिंगांच्या कडेने झिरपत होतं, म्हणजे वाट सापडली होती. तिसऱ्या रविवारी तात्यांनी बाभळीचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवला आणि मला लाकडी मोगरीने हळूहळू ठोकायला सांगितलं. “दणका न्हाय घालायचा. टकटक. त्येला कळू दे आपन आलोय.” दीडेकशे ठोक्यांनंतर ठोकळा एक केसभर खाली गेला. मला वाटलं भास झाला. तात्यांनी खडूने खूण केली, आणखी वीस ठोके, खूण बुडाली.

पिस्टन बाहेर आला तेव्हा वरची रिंग तीन तुकड्यांत होती. सिलिंडरमध्ये गंजाचं एक कडं होतं, पिस्टन जिथे चाळीस वर्षं थांबला होता तिथे. घासून-पुसून होनिंग केलं, म्हणजे आतली भिंत दगडाने एकसारखी घासली, तरी त्या जागी नखाला न लागणारी पण डोळ्याला दिसणारी सावली राहिली आहे. ब्लॉक बोअर करून ती घालवता आली असती. तात्या नको म्हणाले, मलाही नको वाटलं. दाब धरण्यापुरतं सिलिंडर चांगलं होतं.

आता चावीबद्दल सांगतो, कारण या सगळ्या कामात माझा सर्वांत जास्त वेळ तिने घेतला आणि सर्वांत जास्त शिकवलंही तिनेच.

एका बाजूचं बेअरिंग गंजून घासत होतं. ते बदलायचं तर त्या बाजूचं फ्लायव्हील शाफ्टवरून उतरवावं लागणार. आणि फ्लायव्हील शाफ्टवर धरलेलं असतं एका चावीने. बोटभर जाडीची पोलादी पट्टी, लांबीला किंचित निमुळती, जाड टोकाला आडवं डोकं. शाफ्टमध्ये अर्धी खाच, फ्लायव्हीलच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या जाड भागात, अर्धी खाच, आणि दोन्हींच्या मधे ही ठोकून बसवलेली. इंजिनाचा प्रत्येक ठोका तिला अधिक आवळतो. अशी ती १९५६ पासून आवळत आली होती. डोकं आणि तुंबा यांच्यामध्ये पाचर ठोकून तिला मागे ओढायचं, एवढंच काम. पण डोकं तुटलं की संपलं. मग ड्रिलने पोखरत बसायचं, आणि हात चळला तर शाफ्ट गेला.

तात्यांनी गावच्या लोहाराकडून ट्रकच्या जुन्या पाट्याच्या दोन पाचरी करून घेतल्या, एकीचा उतार दुसरीवर बसणारा. त्या समोरासमोरून घालायच्या, म्हणजे चावीच्या डोक्यावर जोर सरळ येतो, तिरका येत नाही. पहिल्या दिवशी पाचरी बसवल्या, ताण दिला, आणि तात्या म्हणाले, “चल, चा पिऊ.” मला वाटलं परत येऊन पुढे ठोकायचं असेल. नाही. त्या दिवशीचं काम तेवढंच. तेल सोडायचं आणि ताण तसाच ठेवून घरी जायचं.

आठ दिवस असं चाललं. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी जायचो, फटीत तेल सोडायचो, पाचरीला एक-एक टोला द्यायचो. नवव्या दिवशी तात्यांनी ब्लो लॅम्प मागवला. ज्योत चावीला लागू द्यायची नाही, फक्त तुंब्याला. तुंबा फुगला पाहिजे, चावी थंड राहिली पाहिजे. चावीवर ओलं फडकं गुंडाळलं होतं. तात्या एक तळहात फ्लायव्हीलच्या कडेवर ठेवून बसले होते. मी ज्योत फिरवत होतो. “आता,” ते म्हणाले. मी टोला दिला. ‘टंग’ असा आवाज झाला, देवळातल्या घंटेला नखाने मारल्यासारखा, आणि डोक्यामागे कागद जाईल एवढी फट दिसली. पुढे दहा मिनिटांत चावी माझ्या हातात होती. तिच्या एका अंगाला निळसर झाक, दुसऱ्या अंगाला तासणीच्या बारीक रेघा. १९५६ साली बसवताना कुणीतरी कानस मारून मापाला आणलेली असणार. त्या रेघा मी किती वेळ पाहत बसलो होतो. तात्यांना “आता” कसं कळलं, असं विचारलं. ते म्हणाले, “हाताला कळतंय की. लोखंड सैल पडताना गुणगुणतं.”

बाकीचं भराभर सांगतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगसाठी शाफ्टला निळा रंग लावून, फिरवून, बेअरिंगवर जिथे डाग उमटतो तिथे खरवडायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा खरवडायचं, दोन रविवार. पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत किती जागा उरते हे पाहायला शिशाची तार ठेवून फ्लायव्हील फिरवलं आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजली. सव्वा मिलीमीटरच्या आत बसली. डिझेल पंपाचं एलिमेंट आणि नोझल नवीन घातलं.

रंगाचा प्रश्न मोठा झाला. घरातल्या पोरांना ते चकचकीत हिरवं हवं होतं. मी नाही म्हटलं. मूळचा हिरवा रंग ब्लॉकच्या मागे, टाकीच्या सावलीत, तळहाताएवढा शिल्लक आहे. फ्लायव्हीलच्या कडेला जिथे हात लावून आबा ते फिरवायचे तिथे बीड आरशासारखं झालंय. हँडलच्या मुठीवर आबांच्या पकडीने पडलेला खोलगट भाग आहे. माझा हात त्यात बरोबर बसतो. हे सगळं रंगाखाली घालून मी काय मिळवणार होतो? गंज थांबवला, जवसाचं तेल पातळ करून वरून पुसलं, आणि तेवढंच ठेवलं. जुनं यंत्र सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं असतं: कामासाठी लागेल तेवढं नवं करा, दिसण्यासाठी करू नका.

इंजिन उभं राहत असताना मी चरक शोधत होतो. इंजिन नुसतं धडधडत ठेवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. त्याचं शेवटचं काम गुऱ्हाळाचं होतं, तर तिथूनच पुढे सुरू व्हावं.

या शोधात परडं भरत गेलं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचा एक लोखंडी नांगर मिळाला. (त्या कारखान्याचे धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत.) मोटेचं एक चाक मिळालं, आसासकट. चरक मात्र पाच महिने सापडेना. शेवटी पलूसकडच्या एका वस्तीवर, गोठ्याच्या गव्हाणीला टेकू म्हणून लावलेला दिसला. म्हैस त्यालाच बांधलेली. शेण खरवडलं तर बिडात ओतलेली अक्षरं: किर्लोस्कर.

आमच्या भागात त्या नावाला वेगळा मान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना वसवला. तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. चरक ज्या वस्तीवर सापडला तिथून ते स्टेशन फार लांब नाही. घरमालक भला माणूस. म्हणाला, “म्हशीला दुसरा खुंटा रोवून द्या आन् न्या.” पैसे घ्यायला तो तयार नव्हता, मी बळेच दिले.

आडव्या तीन लाटांचा चरक तो. वरची एक, खालच्या दोन. पूर्वीच्या लाकडी उभ्या घाण्यात लाटांना नवरा-नवरी म्हणायचे. एकीच्या डोक्यावरचे दाते दुसरीत अडकायचे आणि दोघं एकमेकांना फिरवायची. इथे तीच जोडणी बाजूच्या दातेरी चाकांनी केलेली. लाटा चांगल्या होत्या, फक्त त्यांवरच्या चऱ्या गुळगुळीत झाल्या होत्या. लेथवर पुन्हा पाडून घेतल्या, म्हणजे ऊस घसरत नाही. पण वरच्या लाटेच्या बेअरिंगचं टोपण तडकलं होतं.

इथे माझी घाई नडली. तात्या आठवडाभर लेकीकडे गेले होते. मी ते टोपण एका वर्कशॉपमध्ये नेलं. त्यांनी साध्या रॉडने वेल्डिंग मारून तासाभरात परत दिलं. घरी आणून खाली ठेवलं, आणि रात्री जेवताना परड्यातून ‘खट्’ आवाज आला. जुन्या तड्याच्या शेजारी नवा तडा, आरपार. बीड असं एका जागी तापवून तसंच गार होऊ दिलं की ते आतून ओढलं जातं आणि फुटतं. मी मुलांना प्रसरण-आकुंचन शिकवतो. मला हे माहीत असायला हवं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसरं टोपण कुठून आणणार?

तात्या आले, तुकडे पाहिले, रागावले नाहीत. चिपाडं आणि शेणकुटं रचून भट्टी केली, टोपण तारेने बांधून आत ठेवलं. अंधारात मंद लाल दिसायला लागेपर्यंत दीड तास नुसता जाळ. मग गॅसच्या ज्योतीने पितळेची कांडी वितळवून दोन्ही तड्यांत भरली. पितळ बिडात शिरताना तेलाचा थेंब फडक्यात पसरावा तसं पसरतं. लगेच ते राखेच्या ढिगात पुरलं, वर चुन्याची पोती टाकली. “उद्या संध्याकाळपातूर हात लावायचा न्हाय.” दुसऱ्या दिवशी उकरलं तेव्हाही ते कोमट होतं. तड्यांच्या जागी आता दोन पिवळ्या रेघा आहेत. दोन हंगाम झाले, टोपण जसंच्या तसं आहे.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं तो दिवस जानेवारीतला. सकाळी सात, धुकं. दोनशे लिटरचं पिंप पाणी भरून शेजारी उभं केलं. खालच्या नळीने गार पाणी सिलिंडरभोवती जातं, तापलं की आपोआप वरच्या नळीने पिंपात चढतं. पंप नाही, काही नाही. हे अभिसरण मी वीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं, त्या दिवशी माझ्या वर्गातली चौदा पोरं वरच्या नळीला हात लावून “सर, तापली!” म्हणून ओरडली.

तात्यांनी आधी हँडल मला मारू दिलं नाही. स्वतः सावकाश एक फेरा दिला, कान पुढे करून. इंजेक्टर ‘कर्र’ बोलला. डिझेल बारीक फवाऱ्यात फुटलं की तो असा आवाज येतो, नुसतं गळत असेल तर येत नाही. “बोलतंय,” ते म्हणाले. मग मला पकड शिकवली. अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीभोवती वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका मारला तर हँडल हातातून निसटलं पाहिजे, अंगठा अडकला तर मनगट जातं. हेडवरचं छोटं चाक आत आवळलं, म्हणजे दाब वाढतो आणि गार इंजिन लवकर पेटतं. खटका टाकून एक्झॉस्टची झडप उघडी धरली आणि फिरवायला लागलो. पहिले दोन फेरे जड, मग दोन्ही फ्लायव्हील मिळून ओढ घेतात, मग ती तुम्हालाच ओढतात. “सोड!” तात्यांनी खटका पाडला. एक ठोका. पांढरा धूर. थांबलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा दोन ठोके, आणि मग बराच वेळ काहीच नाही, नुसती चाकं फिरत राहिली, आणि मला वाटलं हेही गेलं, आणि तेवढ्यात तिसरा पडला. चौथा. धूर पांढऱ्याचा करडा झाला, करड्याचा नाहीसा झाला. दर दोन फेऱ्यांना एक ठोका; मिनिटाला सहाशे फेऱ्यांना तीनशे ठोके, सेकंदाला पाच. जमीन तळपायांना थरथरत होती. मी मागे पाहिलं तर आई दारात आली होती. हातात पीठ. ती काही बोलली नाही, तिथेच उंबऱ्यावर बसली.

इंजिनावरून चरकाला पट्टा चढवायच्या दिवशी हिशेब केला. इंजिनाची पुली १० इंची, चरकाची ४० इंची, म्हणजे सहाशेचे दीडशे फेरे. पुढे दातेरी चाकांतून उतरत लाट मिनिटाला दहाएक फेरे घेते. दिसायला किती संथ! पण त्या संथपणाला फसू नये. आमच्या गावात दोन माणसांची बोटं चरकात गेलेली मी लहानपणी पाहिली आहेत. लाट ओढायला लागली की माणसाच्या ताकदीने ती थांबत नाही आणि पट्टा पाडायला लागतो तेवढ्या वेळात हात जातो. म्हणून मी तोंडाशी तीन फुटांची लाकडी पन्हळ बसवली, हात लाटेपर्यंत पोचूच शकत नाही. पट्ट्याला आणि दातेरी चाकांना जाळी केली. पट्टा पाडायचा दांडा ऊस घालणाऱ्याच्या हाताशी. शेंडा आत जाईना तर तो हाताने ढकलायचा नाही, पुढच्या उसाने ढकलायचा. जुन्या यंत्रात असलेलं सगळंच जसंच्या तसं ठेवायचं नसतं. हे एक मी मुद्दाम बदललं.

पहिल्या आधणाला भावानेच ऊस दिला, को ८६०३२ या वाणाचा, त्याच विहिरीच्या रानातला. चारशे किलो मोजून घेतला. पहिली मोळी आत गेली आणि इंजिनाचा आवाज बदलला. ठोका जड झाला, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरने डिझेल वाढवलं, धुराड्यावर एक करडी फुंकर आली आणि पुन्हा ताल बसला. चाळीस वर्षांपूर्वी मळ्यातून यायचा तो हा आवाज. तात्यांनी हेडवरचं चाक सैल केलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

दोन तासांत ऊस संपला. मांदणात दोनशे चाळीस किलो रस भरला, शंभराला साठ. मोठ्या कारखान्यापुढे हे कमीच, पण या वयाच्या लाटांना मला भरपूर वाटलं. चुलवाण भावाने आणि त्याच्या पोराने दोन दिवस खपून बांधलं होतं. गुळव्या म्हणून गावातले एक म्हातारे आले, ते आबांच्या गुऱ्हाळावर पोरवयात चिपाडं पसरायला असायचे. त्यांनी रानभेंडीचा चिकट रस पाण्यात कालवून काहिलीत टाकला, मळी वर आली, ती पळीने काढत राहिले. पाक आला की नाही हे थर्मामीटरवर मी बघत होतो, ११८ अंशांना काहील उतरवायची असं मी वाचलं होतं. ११६ वर काटा असताना त्यांनी ताटलीतल्या गार पाण्यात थेंब टाकला, बोटांनी गोळी वळली, ताटलीच्या कडेवर आपटली. ‘टक्’ वाजलं. “उतरा,” ते म्हणाले. काहील उतरेपर्यंत काटा ११८ वर गेला होता.

बेचाळीस किलो गूळ झाला. पहिली ढेप आईने फोडली. भावाने एक ढेप खांद्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाला, “दादा, पुढल्या साली माझा एक एकर हितंच गाळू.”

माणसं पांगली. इंजिन बंद करायचं होतं. मी डिझेलचा खटका ओढला, ठोके थांबले, आणि फ्लायव्हील आपल्या वजनावर फिरत राहिली. वेगात होती तोवर आरे दिसत नव्हते, मग एकेक आरा दिसायला लागला, मग मोजता यायला लागले. थांबल्यावर मी निघालो तर तात्यांनी हाक मारली. “आसंच सोडून चाललास?” ते उठले, फ्लायव्हीलला दोन्ही हात लावून सावकाश पुढे सरकवत नेलं, दाब लागेपर्यंत, जिथून चाक हाताला मागे रेटतं तिथवर. तिथे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. रात्रीचं दव आत जात नाही.

“आबा न चुकता असंच ठेवायचा,” ते म्हणाले. “चाळीस साल आत पानी गेलं न्हाय ते उगंच न्हाय.”

मग आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री ओढली.